बोनेटवर हात

जुनी डिझेल पिकअप बघायची तर मालकाला न कळवता जायचं आणि कुणी काही बोलायच्या आत बोनेटवर हात ठेवायचा. थंड असेल तरच पुढचं बोलणं. गरम लागलं तर समजायचं, पठ्ठ्याने आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन सकाळी रडतं, आणि ते रडणं त्याला लपवायचं असतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकून मी एवढं तरी शिकले.

दुसऱ्यांच्याच. शेठने एके दिवशी चावी काढून घेतली आणि भाच्याला दिली. म्हणाला, वैशाली, बाईमाणसाच्या हातात किती दिवस गाडी ठेवू? मी तिथेच ठरवलं, आता चालवीन तर स्वतःची. गावातल्या बायकांची भाजी पहाटे कामतघरच्या बाजारात पोचवायचं काम सोमवारपासून सुरू करायचं म्हणून मी अंगावर घेतलं. गाडी नाही आली तर ते काम गिळायला पडघ्याचा व्यापारी टपलेलाच होता. घराशेजारची झुडपं तोडून मी गाडीसाठी लाल मुरूमसुद्धा पसरला. बाजारात तुरी, म्हणून अख्खं गाव हसलं. हसू दे.

बाबा तेवढे हसले नाहीत. पण हल्ली ते जरा भरकटल्यासारखे बोलत. मी डोळे चोळत बाहेर आले की ओट्यावरून म्हणायचे, "गाडी बरी हाय तुजी." मी म्हणायची, आणते बाबा, आणते. मग ते चुलीतली राख नेऊन त्या मुरमावर एकाच जागी टाकायचे. मुंग्या झाल्या असतील, म्हणून मी विचारलं नाही. माझे खांदे तेव्हा रोज भरून आलेले असायचे. मुरूम ओढायचं काम सोपं नसतं.

नारपोलीच्या सादिकभाईंची गाडी मला मिळाली ती चार भंगार बघून झाल्यावर. एकीची चासी मोडून सांधलेली होती, एक पुरात बुडालेली, बाकीच्यांचं तर नावच नको. सादिकभाई उंच, सहा फुटी माणूस. त्यांनी लूम मोडीत काढले होते, तेव्हा कापडाचे तागे न्यायचा प्रश्नच उरला नव्हता. गाडी रिकाम्या शेडमध्ये उभी होती. मी सकाळीच न सांगता गेले आणि बोनेटवर हात ठेवला.

गरम.

मी त्यांना नको ते ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले की चावी खिशात आहे आणि गाडी कितीतरी दिवसांत कुणी हलवलेली नाही. मी तोंड वाकडं करून निघाले. पण चालू करून तर बघू, म्हणून परत फिरले. आवाज एकसारखा, धूर जवळजवळ नाहीच. ऑइलचं झाकण उघडलं तरी वाफ उसळली नाही. आत बसले तर सीट पुढेमागे करावी लागली नाही, आरसासुद्धा माझ्याच डोळ्यांना लागलेला. जन्मात पहिल्यांदा एखादी गाडी माझ्या मापाची निघाली. मला इतका आनंद झाला की तेवढ्यावरच हो म्हणणार होते.

पण खाली वाकले. इंजिनाचं बूड ऑइलने ओलं होतं आणि खालची फरशी मात्र कोरडी ठणठणीत. म्हणजे फरशी पुसून ठेवली. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालात का, मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा न सांगता गेले. पुन्हा गरम. शेजारच्या लूमची खडखड चालू होती आणि शेडभर कापसाचं बारीक तूस बसलं होतं, खिडकीवर, हातगाडीवर, सादिकभाईंच्या टोपीवरसुद्धा. गाडीवर कण नव्हता. कोण झाडतं हिला, मी विचारलं. त्यांनी आपली टोपी काढून झटकली.

मी पण जिद्दीला पेटले. बॅटरी काढायला लावली, पोत्यात घातली आणि एसटीत पायाशी ठेवून घरी आणली. माझ्या खाटेखाली ठेवली. आता बघू कशी गरम होते ते.

सकाळी बाबा म्हणाले, "गाडी बरी हाय तुजी." मी बॅटरी घेऊन तशीच निघाले.

शेडचं कुलूप सादिकभाईंनी माझ्यासमोर उघडलं. मी हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. चाकांच्या खाचांत लाल खडे अडकले होते. नारपोलीत सगळा काळा चिखल. एक खडा मी नखाने उकरून काढला. पण सोमवार तोंडावर होता आणि इंजिन सोन्यासारखं होतं. पत्रा तापतो, भिंतीपलीकडे मशीन आहे, खडे जुने असतील, असं मी माझ्या मनाला बजावलं. मी घेतेय, म्हटलं.

सादिकभाईंनी चावी पुढे केली, पण लगेच सोडली नाही.

"ताई, एक सांगतो. ही गाडी इथे राहत नाही. मी ठेवतो, पण राहत नाही."

"माझ्याकडे राहील," मी म्हटलं.

टळटळीत दुपारी मी गावात शिरले. हॉर्न वाजवला. हसणारे सगळे बाहेर आले. मला रडू येईल असं वाटलं, इतकं बरं वाटत होतं. मागे घेत घेत मी गाडी मुरमावर लावली. एका दमात बसली. वळून बघावंसुद्धा लागलं नाही.

उतरून खाली वाकले.

इंजिनातून एक थेंब सुटला. बरोबर बाबांच्या राखेवर पडला.

मी पायाने राख बाजूला केली. खाली मुरूम काळा होता. ऑइल पिऊन पिऊन थर धरलेला, जुना.

बाबा राखेचं घमेलं घेऊन आले.

"आज उशीर केलास," ते म्हणाले. "रोज उजाडायच्या आत येतेस."

"कोण येतं, बाबा?"

"तूच की. मंग गाडी कोन चालवल?"

त्यांनी मूठभर राख त्या थेंबावर टाकली. मग माझ्याकडे बघितलं, थोडे रुसल्यासारखे.

"रोज आतून हात करतेस मला. आज न्हाय केलास."