वाघाचं अर्धं तिकीट

मी हरिसिंग. बोरी अरब ते यवतमाळ जीप चालवायचो. मी फेकतो, हे स्टँडवरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. मी उडणारी म्हैस पाहिली, बिनडोक्याच्या माणसाची दाढी केली. ते सारं खोटं.

हे खरं आहे.

दोन हजार सहाचा मार्च. मंगळवार. आणि रात्रबित्र नाही, भर दुपारचे बारा.

त्या साली कापसाला भाव नव्हता. भाव चढायची वाट पाहत लोकांनी निजायच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला. गावचा मिस्त्री जमीर फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. हाती पैसा नाही म्हणून शेतकरी त्याला मजुरीत कापूसच देत. त्याची सात वर्षांची माहनूर त्या ढिगावर निजायची. मऊ लागतं म्हणून.

जानेवारीत एका संध्याकाळी लाइन गेली. चिमणी कलंडली...

कापूस गेला. माहनूर वाचली. पण मानेपासून कमरेपर्यंत पाठ उरली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदला. आणि लवकर नागपूरला न्या, मांडीची कातडी पाठीवर लावावी लागेल. खर्च ऐकून जमीर खालीच बसला. त्याचं वेल्डिंग मशीन गेलं. मग पाने-पकडी. मग बायकोच्या, जुबैदाच्या, कानातलं. सारं पट्ट्यांतच संपलं.

नागपूर राहून गेलं.

पट्टीसाठी जमीर-जुबैदा तिला माझ्याच जीपनं यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचे. पोरगी माझ्या शेजारी बसायची. आडवी. पाठ टेकवता येत नव्हती, म्हणून एक हात डॅशबोर्डवर. बसली की गोष्ट मागायची.

त्या मंगळवारी तिला ताप होता.

"हरिबाबा, आज जरा लवकर काढा गाडी," जमीर म्हणाला.

"अकरा सीटा झाल्या की निघालोच. सातच हायेत ना भाऊ."

आमच्या लाइनीचा रिवाजच तो. सीटा भरल्याशिवाय चाक हलत नाही. रिकाम्या सीटांचे पैसे द्यायची जमीरची ऐपत असती, तर तो बोलला असता.



मी आपली गोष्ट सुरू केली. एक वाघ जीपमध्ये बसला. म्हणे, मले हाफ तिकीट द्या, शेपूट बाहेर ठेवतो!

माहनूर हसली. हसताना पाठ ताणली जायची, तरी हसली.

"मंग? वाघ कोठी उतरला?"

"ते वापस येताना सांगीन. सीटा भरू दे."

एक तास गेला.

अकरावी सीट आली तेव्हा डॅशबोर्डवरचा हात खाली घसरला होता...

जुबैदा ओरडली नाही. ओढणीनं तिला वारा घालत राहिली. यवतमाळपर्यंत.

पोरगी गेली त्याला चाळीस दिवस झाले. पुन्हा भर दुपार. मी सीटा मोजल्या. दहा. अकरावा माणूस पुढच्या दारात उभा. ताक विकणारी तानाबाई पुढं बसलेली, पार दाराला चिकटून.

"तानाबाई, सरका ना इकडं."

"कोठी सरकू बापा? मधात पोरगी बसली हाये ना. तिच्या पाठीले लागन."

मी पाहिलं.

तानाबाईनंही पाहिलं...

मध्ये कोणीच नव्हतं.

तानाबाई ताकाची बरणी तशीच टाकून उतरली. ती पुन्हा कधी माझ्या गाडीत बसली नाही.

मग वास आला. जळल्यावर लावतात त्या पांढऱ्या मलमाचा.

आणि डॅशबोर्डच्या धुळीत... पाच बोटं. लहान. पांढरी.

अगदी कानाशी कोणीतरी म्हणालं,

"हरिबाबा... वाघ कोठी उतरला?"

त्या दिवसापासून मी सीटा मोजल्या नाहीत. दोन माणसं बसली तरी गाडी काढायचो. स्टँडवरचे हसायचे, "म्हातारा खुळावला!" हसू दिलं. ते दीड महिन्याआधी हसले असते तर बरं झालं असतं.

आता जीप अंगणात उभी आहे. टायर बसलेत. दुपारी बाराला मी जाऊन बसतो. मलमाचा वास येतो. ती विचारते.

आयुष्यभर थापा मारल्या. त्या वाघासाठी माझ्याजवळ वीस शेवट तयार आहेत.

एकही सांगत नाही. वाघ उतरला, की तीही उतरून जाईल...

म्हणून मी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.