लाभार्थी पुखराज

शेवटी पुखराजशेठनी धान्यबँकेचा कॅमेरा कपाटात कोंबला आणि कुलूप लावलं. पण असं काही घडलंच नाही, असं ते सांगतात. ते विधीचे दादाजी. त्यामुळे आपणही घडलं नाही असंच धरून मे महिन्यातल्या त्या गुरुवारपासून सुरुवात करू.

जळगावात ऊन मी म्हणत होतं. दादाजींच्या डाळमिलच्या आवारात धान्यबँक होती. ज्यांच्या घरी चूल अडलीय, त्यांनी यायचं, डाळ-तांदळाचं पाकीट फुकट न्यायचं. आज रांगेत एक कुत्रं होतं. तेही सावलीसाठी.

"संपले!" दादाजी खुशीत म्हणाले. "गावातले गरजू संपले! रविवारपासून बँक बंद."

विधी छतापर्यंत रचलेल्या पाकिटांकडे बघत राहिली. वादळाने रावेरकडच्या केळीबागा आडव्या केल्यापासून केळी कापणाऱ्यांना काम नव्हतं. गरजू वाढायला हवे होते. संपले कसे?

"परग्रहावर नेले असतील," शेजारचा तेजस गंभीरपणे म्हणाला. "पण आपल्या पुनमला परत आणून सोडतील. फार बोलते ती."

पुनम! तीन आठवडे ती खेळायलाच आली नव्हती. दोघं धावतच मिलमागच्या वस्तीत गेले.

पुनमच्या आजीने, भिकुबाईंनी, दार अर्धंच उघडलं. आत चुलीवर पातेलं उकळत होतं.

"काय शिजतंय?" तेजसने विचारलं.

"पाणी," पुनम आतून म्हणाली. "मीठ घातलंय."



"शाळा चालू असली की खिचडी मिळते," पुनम म्हणाली. "आता सुट्टी."

"मग बँकेत ये ना!"

पुनमने चौकाकडे बोट केलं. तिथे भलामोठा फ्लेक्स होता. पाकीट देणारे हसरे दादाजी, आणि समोर हात पसरलेली पुनम. तिचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं. खाली छापलेलं: 'लाभार्थी'. पाकीट घेतलं की फोटो, हा दादाजींचा नियमच होता.

"बठ्ठी पोरं, एकूणएक, तिले लाभार्थी म्हनतस," भिकुबाई म्हणाल्या. "भूक शे ना माय, पन चारचौघात दखाडाले तोंडबी लागस!"

"हा आमच्या काकांच्याच दुकानात छापलाय," तेजस पुटपुटला.

"काकांना अजून एक छापायला सांग," विधी म्हणाली.

शनिवारी दादाजी नेहमीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायला बसले. दुसऱ्या फुलक्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि... क्लिक!

"थांब गं, पदर नीट करू दे!" फुलका वाढणाऱ्या धनकुंवर दादीजी विधीला म्हणाल्या. कटात त्याही होत्या!

रविवारी सकाळी मिलच्या गेटवर नवा फ्लेक्स झळकला. 'श्रीमती धनकुंवर यांच्या शुभहस्ते गरजू श्री. पुखराज यांना दोन फुलके वाटप. लाभार्थी आनंदी.'

"लाभार्थीशेठ, नमस्कार!" एक रिक्षावाला ओरडला. अख्खा रस्ता हसला.

"काढा तो आधी!" दादाजी लालबुंद झाले. "माझ्या घरात मी जेवतो, ते गावाला कशाला दाखवायचं?"

"पुनमपण तिच्या घरातच जेवणार होती," विधी म्हणाली. "तिथे तीन आठवडे पाणी उकळतंय, दादाजी."

दादाजी चालत चौकात गेले. तिथला फ्लेक्स त्यांनी रोज पाहिला होता, पण स्वतःचंच हसू पाहिलं होतं. आज पहिल्यांदा पुनमचे डोळे पाहिले. दोऱ्या त्यांनी स्वतःच सोडल्या.

त्यानंतर कॅमेऱ्याचं ते घडलं, जे घडलं नाही. पाकिटं मागच्या दाराशी उघड्या फळीवर आली. कुणी विचारायचं नाही, कुणी टिपायचं नाही. सोमवारी दुपारपर्यंत फळी रिकामी!

"शाबास!" दादाजींनी विधी आणि तेजसच्या डोक्यावर हात ठेवला. जरा जोरातच.

"शाबासच," दादीजी म्हणाल्या. "पण माझा पदर वाकडा आलाय."

संध्याकाळी पुनम आली. येताना वाटेत तिला दोन पोरांनी 'लाभार्थी' म्हणून हाक मारलीच होती. ती खेळली नाही. वहीचं पान फाडून लिहीत बसली.

'मा. शिक्षणाधिकारी साहेब यांस,
विषय: सुट्टी मिळणेबाबत.
महोदय, उन्हाळ्यात आमच्या शाळेला सुट्टी असते. खिचडीलाही असते. भुकेला मात्र एकही दिवस नसते. तरी पुढील वर्षापासून शाळेबरोबर भुकेलाही सुट्टी जाहीर करावी, ही नम्र विनंती.'