वळणावरच्या पाइनचा बास

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. भुताखेतांच्या गप्पा हाणत बसायला मला वेळ नाही, घरात कामं काय कमी आहेत? पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामेभावाची आहे, यार्कोची. त्याच्या तोंडून ऐकलेली. शेवटचा थोडा भाग माझा स्वतःचा आहे. तो मी अजून नवऱ्यालाही सांगितलेला नाही.

मागच्या वर्षीचा जानेवारी. गुरुवार. इथं उत्तरेत, नुर्मेस गावाच्या पलीकडे जंगलाच्या कडेला माझं आजोळ आहे, तिथं घडलं हे. वेळ म्हणाल तर दुपारच्या कॉफीची. पण त्या दिवसांत आमच्याकडे तेव्हाच दिवे लावावे लागतात.

घरात यार्को एकटा होता.

त्याचे वडील, म्हणजे माझा ताउनो मामा, नाताळापासून शहरात इस्पितळात होता. फुफ्फुसं पार गेली होती. तरुणपणी मामा उन्हाळ्यातल्या नाचाच्या मांडवांत बास वाजवायचा. उभ्यानं वाजवायचा, माणसाएवढा उंच तो बास. म्हातारपणी पाय धरेनात तेव्हा विकून टाकला, आणि मग जेवणाच्या टेबलावरच बोटं आपटत बसायचा. बघवायचं नाही.

यार्को म्हणाला, थांबा, मी तुम्हाला विजेवरचा बास करून देतो, गिटारसारखा. मांडीवर घेऊन बसून वाजवा.

विकतचा का नाही, असं मी विचारलं होतं. तर साहेबांचं उत्तर, विकत काय कुणीही आणतं. जंगलातली लाकूड तोडायची यंत्रं दुरुस्त करतो तो. हात सोन्याचे, आणि डोकं म्हणजे दगड.

मामाचं इस्पितळात एकच पालुपद चाललेलं. मला घरी ने, मला इथं मरायचं नाही. यार्कोनं त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. बास होऊ दे, त्याच दिवशी तुम्हाला घरी आणतो.

आता लाकडाचं सांगते.

घराकडे येणाऱ्या रस्त्याला एक वळण आहे. तिथं म्हातारा पाइन होता. बुंध्यापासून वरपर्यंत फांदी नाही, फक्त शेंड्याला झुबका. आम्हा सगळ्यांना वाटायचं, वीजवाल्यांनी तारांसाठी छाटला असणार. कुणी कधी विचारलंही नाही की बाबा, तारा तर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जातात...

वादळात तो पडला. शेजारच्या रेइयोनं करवतीवर त्याच्या जाड फळ्या काढून दिल्या. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या माळ्यावर, उबेत, त्या दोन हिवाळे सुकत पडल्या होत्या. यार्कोनं त्यातलीच एक घेतली. आखली, कापली, घासली. मग तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवायला मधोमध खड्डा कोरायला घेतला.

आणि खड्ड्यात अक्षरं निघाली.

लाकडाच्या आत.

कधीतरी साल तासून कोरलेली होती. झाडानं वरून नवं लाकूड चढवून ती जखम बुजवून टाकली होती. एक क्रूस, काही जुन्या वर्षांचे आकडे, नावांची आद्याक्षरं. एकाखाली एक... बरीच. आणि प्रत्येकात दुसरं अक्षर आमच्या आजोळच्याच आडनावाचं.

यार्कोला कौतुकच वाटलं. त्यानं लगेच मामाला फोन लावला.

मामानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठलं लाकूड ते?"

"वळणावरचा पाइन हो, बाबा. पडला नव्हता का?"

पलीकडे नुसता श्वास घरघरत राहिला. मग मामा म्हणाला, "अरे, मग मी घरी कसा येऊ?"

यार्कोला वाटलं, औषधांनी बरळतायत.

आमच्याकडची जुनी रीत आहे ही. मृताला चर्चकडे नेताना, जिथून घर शेवटचं दिसतं तिथं थांबायचं. एका झाडाच्या फांद्या उतरवायच्या आणि त्यावर त्याची अक्षरं कोरायची. का, तर मेलेल्या माणसाला घराची ओढ असते. तो उठून परत यायला निघतो. पण वाटेत झाडावर आपली अक्षरं पाहिली की त्याला कळतं, आपण आता यांच्यातले नाही. तिथून पुढं त्याला येता येत नाही. पुढं पुढं लोकांनी कोरायचं सोडलं. झाड मात्र आपलं काम करत उभं होतं.

एवढं सगळं यार्कोला शाळेत शिकवलेलं होतं. पण ते झाड आपल्याच वळणावर असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी! आणि कळल्यावर तरी त्यानं काय केलं? हट्टाला पेटला. शनिवारी वडिलांना आणायचं ठरलेलं होतं, बास पुरा व्हायलाच हवा होता.

म्हणून गुरुवारी तो कामाला बसला.

त्याची कामाची जागा म्हणजे अंगणातल्या सौनाची पुढची खोली. ओंडक्यांच्या भिंती. खिडकी हातभर. दार एकच. दाराशीच टेबल, टेबलावर बास. फोन खिडकीच्या फळीवर, टेबलाच्या पलीकडे, दाराला लागून.

तारा चढवल्या होत्या. वायरी सोल्डर करून झाल्या होत्या, एक सांधा तेवढा राहिला होता. छोटा अँप्लिफायर लावला तसा तो गुणगुणायला लागला. घरी केलेला बास असा गुणगुणतोच. तारांना हात लावला की गुणगुण थांबते, हात काढला की पुन्हा सुरू. ज्यानं कुणी घरी गिटार केलीय त्याला हे माहीत आहे. त्यात भुताटकी काही नाही.

यार्को कोपऱ्यात चुलीपाशी उरलेली वायर सोलत होता. टेबलापासून चांगला लांब.

गुणगुण थांबली.

त्यानं मान वर केली. टेबलापाशी कोणी नव्हतं.

सांधा सुटला असेल... असं म्हणून तो उठला. तेवढ्यात गुणगुण सुरू झाली. तो परत बसला.

पुन्हा थांबली.

या वेळी तो बसल्या जागेवरूनच बघत राहिला. चूल पेटलेली, खोलीत चांगली ऊब. आणि बासच्या तारांवर बर्फाचा बारीक कण धरत होता. सगळीकडे नाही. फक्त चार जागी... बोटांएवढ्या.



बाहेर बर्फ करकरला.

पाऊल. मग दुसरं. वळणाकडून कोणीतरी येत होतं, दमत, थांबत. गाडीचा आवाज नाही. दिव्याचा उजेड नाही. पावलं दारापाशी आली आणि थांबली.

मग खोकला आला.

तो खोकला यार्को हजारात ओळखेल. क्षणभर त्याला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. वाटलं, इस्पितळवाल्यांनी सोडलं वाटतं.

"बाबा?"

दार हातभर उघडलं. बाहेर काळोख. दिसलं काहीच नाही.

"ते तेवढं बाजूला घे रे," मामाचा आवाज आला. "मला आत येता येत नाहीये."

त्याच वेळी फळीवरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर इस्पितळाचं नाव. वाजतोय, वाजतोय... आणि यार्कोचा पाय उचलेना. फोन घ्यायचा तर टेबल ओलांडून दारापाशी जायला हवं होतं.

फोन थांबला. तेव्हा त्याला कळलं. कुणी सांगावं लागलं नाही.

इथून पळायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्यानं बास उचलून ढालीसारखा छातीशी धरला आणि दाराकडे एक पाऊल टाकलं.

बाहेरची पावलं मागे सरली.

आणखी एक टाकलं. ती आणखी मागे गेली. जमतंय, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात...

उजव्या भिंतीच्या बाहेर बर्फ करकरला.

मग डाव्या.

मग मागच्या. चौफेर पावलं. जड, हलकी, एखादं लहान मुलाचं. ओंडक्यांवरून कोणीतरी हात फिरवत चाललं होतं, दार कुठं आहे ते शोधल्यासारखं. घरापर्यंत अंगण ओलांडायचं होतं आणि बास एकच होता. पुढं धरला तर पाठ उघडी. यार्को मागे मागे जात कोपऱ्यात शिरला, पाठ भिंतीला लावली, बास पुढं धरला.

 तिथूनच त्यानं विचारलं, "बाबा, तुमच्याबरोबर कोण आहे?"



"सगळेच आहेत," मामा म्हणाला. "कुणाकुणाला मागं ठेवून येऊ?"

त्यानंतर मामा फारसं बोलला नाही. रागावला नाही, ओरडला नाही. मध्येच खोकायचा. मध्येच म्हणायचा, थंडी आहे रे. यार्को मला म्हणाला, दार आपटलं असतं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाप दारात कुडकुडतोय आणि आपण त्याला आत घेत नाही, हे सोसवत नव्हतं. बास खाली ठेवायचं त्याच्या कितीदा तरी मनात आलं. दर वेळी भिंतीबाहेरची ती लहान पावलं पळत दाराकडे यायची, आणि याचे हात पुन्हा आवळायचे.

चूल विझली. त्यानं ती रात्र तशीच उभ्यानं काढली.

सकाळी रेइयो ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावरचा बर्फ काढायला आला. सौनाभोवतीचा बर्फ गुरांच्या गोठ्यासारखा तुडवलेला बघून तो आत डोकावला. यार्कोच्या हातातून बास सोडवायला त्याला जोर लावावा लागला. वळणापासून सौनापर्यंत पाऊलवाट पडली होती, हे रेइयोनं स्वतः मला सांगितलं. येणारी पावलं होती. जाणारी दिसली नाहीत.

मामा गुरुवारी दुपारीच गेला होता. इस्पितळवाले तेच सांगायला फोन करत होते.

अंत्यविधी झाला. यार्को ताठ उभा होता, रडला नाही. मी त्याला बाजूला घेऊन खडसावलं. म्हटलं, अरे वेड्या, तो बास ने आणि वळणावर उरलेल्या खुंटाला खिळ्यांनी ठोक. जिथलं तिथं. जाळू नकोस, नुसता ठोकून ये.

तो म्हणाला, "आणि बाबांना तिथं रस्त्यावर उभं ठेवू? किर्सी, मी शब्द दिला होता त्यांना."

खिळ्यांचं मी पुन्हा काढलं नाही. माझाही मामाच होता तो.

फेब्रुवारी संपता संपता मी त्याच्याकडे गेले. फोन उचलत नव्हता, जीव राहवेना. सोबत राय नावाच्या धान्याच्या, भात भरलेल्या पुऱ्या नेल्या, त्याला आवडतात. सौनाला कुलूप होतं. घराचं दार सताड उघडं, एवढ्या थंडीत.

यार्को जेवणाच्या टेबलाशी, पार पलीकडच्या टोकाला बसला होता. वाळून काटकी झाला होता. पण चेहरा शांत, इतका शांत मी त्याला लहानपणापासून पाहिला नव्हता. बास त्याच्या मागं, घराच्या अगदी शेवटच्या भिंतीवर टांगलेला. म्हणजे दारापासून त्या भिंतीपर्यंत सगळं घर त्यांना मोकळं...

टेबलावर कॉफीचे पेले मांडलेले. घरात होते तेवढे सगळे.

मी बाकावर टेकणार, तोच तो म्हणाला, "तिथं नको. उभीच राहा जरा."

मी उभी राहिले. खोलीत कसलाही आवाज नव्हता. पण आपण भरल्या घरात शिरलो की कसं वाटतं, अंग चोरून उभं राहावंसं, तसं वाटत होतं.

मी हलकेच म्हटलं, चल माझ्याबरोबर. आत्ता, असाच. गाडी बाहेर चालू आहे.

त्यानं मान हलवली. "मला नाही गं येता येणार. दार त्यांच्या बाजूला आहे."

"मग मी कशी आले आत?"

"तुला येऊ दिलं," तो म्हणाला. "आता जा मात्र. त्यांची कॉफीची वेळ झाली."

मी पुऱ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि निघाले. मागं वळून पाहिलं नाही.  दारातून बाहेर पडताना वाऱ्यानं दार अंगावर येणार, असं वाटलं, पण कोणीतरी ते माझ्यासाठी धरलं. यार्कोच असेल म्हणून मी सवयीनं थँक्यू म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.

चावी फिरवताना खिडकीतून आत नजर गेली.

यार्को टेबलाच्या त्याच टोकाला बसला होता. जागचा हललेलाच नव्हता.