दिल्लीच्या रस्त्यावर वरण

"सकाळी चालू, दुपारी बंद, सायंकाळी पुन्हा चालू! यंत्र असं ऊन पाहून बिघडते काय रे?" थोरल्या बहिणीने, चंद्रकांताने, धाकट्या खुशालला विचारले.

१९८८ची उन्हाळी सुट्टी. भंडाऱ्यातील एका सरकारी कचेरीत नवा संगणक आला होता आणि तो चालवणारे तेजराम म्हणजे या भावंडांचे सख्खे मामा. दिल्लीशी जोडणी रोज दुपारी तुटे. कारण आज सापडले नाही, तर यंत्र परत जाईल आणि मामांची बदली होईल, असे साहेबांनी बजावले होते. लाडक्या मामांवाचून सुट्टी ती कसली!

"मामाजी, दिल्लीपर्यंत तार गेली काय जी?" कचेरीत येताच चंद्रकांताने विचारले.

"नाही बाई. संगणकाचा निरोप ही पेटी, मोडेम, लहरींत बदलते. तार गच्चीवरच्या पांढऱ्या थाळीपर्यंत. थाळी त्या लहरी आकाशातल्या उपग्रहाकडे फेकते, उपग्रह दिल्लीच्या थाळीत टाकते. निरोप जाते तुकड्यातुकड्यानं. हर तुकड्यावर पत्ता अन् क्रमांक. तिथला संगणक ते जुळवते. एक हरवला, तर पुन्हा मागते."

"अन् थाळीनं तोंड फिरवलं तर?"

"सकाळीच पाह्यली मी. बरोबर होती."

"सकाळी! दुपारी कोणी पाह्यली?"

दुपारी मामांना यंत्रापुढून हलण्याची सोयच नव्हती.

त्या दुपारी भावंडे गच्चीवर पाण्याच्या टाकीआड दडून बसली. थोड्याच वेळात कचेरीतले मोठे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, मारोतराव आले. मामांविरुद्ध साहेबांचे कान भरणारे तेच! हातात छत्री, पाना आणि पितळी पातेले. त्यांनी थाळीच्या जागी खडूची खूण केली, बोल्ट सैल केला, थाळी सूर्याकडे वळवली आणि तिच्यासमोर पातेले टांगले!

खुशालला हसू आवरेना. चंद्रकांताने त्याचे तोंड दाबले आणि ती साळसूदपणे पुढे झाली.

"नमस्कार जी बाबूजी! काय शिजवून राहिले?"

"तुरीचं वरण! सरकारनं एवढी सूर्यचूल पाठवली, पण कोणाले अक्कल आहे वापराची? डाळ मात्र शिजतच नाही बुवा. सायंकाळी खडूची खूण पाहून चूल जशीच्या तशी ठेवतो. सरकारी वस्तू आहे!"

"वा! मग साहेबायले काहून नाही दाखवत?"

मारोतराव फुलले आणि स्वतःच साहेबांना घेऊन आले! खुशालने मामांना ओढत आणले.

साहेबांनी पातेले पाहिले, थाळी पाहिली. "मारोतराव, ही चूल नव्हे. हा दिल्लीचा रस्ता आहे, आणि त्यावर तुम्ही वरण मांडलंत!"

मारोतरावांचा चेहरा पडला. त्यांनी मामांपुढे हात जोडले. "तेजराम, मले खरंच चूल वाटली गा."

"राहू द्या जी," मामा हसले आणि थाळी खुणेवर आणून त्यांनी बोल्ट आवळला.

खाली संगणकाच्या पडद्यावर दिल्लीची अक्षरे झरझर उमटली!

"शाबास, पोरांनो!" साहेब म्हणाले. "तेजराम, तुम्ही इथेच राहणार. आणि पोरी, पहिला निरोप तू पाठव!"

चंद्रकांताने एकेक कळ जपून दाबत आपले नाव लिहिले. क्षणभराने दिल्लीने विचारले : हुद्दा काय?

साहेब खदखदून हसले. "लिही, सातवी, तुकडी अ!"