पाठीमागची खूण

कालव्याच्या दाराशी एक माणूस मोठं लोखंडी चाक फिरवत होता. त्याची जुनी सायकल कठड्याला टेकलेली, तिच्यावर वाटीएवढी घंटी. तुडुंब भरलेल्या कालव्याचं पाणी हा बाबा बंद का करतोय, एवढंच बघायला तिने आपली शर्यतीची सायकल थांबवून एक पाय खाली टेकला. मान वर केली, तर कप्तान आणि दोघी जुळ्या बहिणी रस्त्याच्या टोकाला मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

घरी तिला काय म्हणत असतील ते असो, कॉलेजच्या सायकल संघात तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. रस्त्यात विहीर दिसली की हिने विचारावं, किती खोल? कुत्रं लंगडताना दिसलं की, कोणत्या पायाने? सरांनी एकदा हात जोडून सांगितलं होतं की बाई गं, पेडल मारताना तरी तोंड मीट, वारा आत जातो.

आणि आज वारा काही साधासुधा नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेच्या सरावाची पहिली सकाळ, उन्हं पाठीवर, वारा छातीवर. एकटीने जायचं म्हणजे भिंत ढकलत जायचं. ती दात ओठ खाऊन निघाली खरी, पण सायकल काही पुढे सरकेना. तेवढ्यात मागून कोणीतरी आलं, शेजारून गेलं आणि पुढे झालं. उंच पाठ, निळे मोजे… चेहरा दिसायच्या आत नुसती पाठच उरली.

सायकलवाल्यांची एक रीत आहे. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतराने राहिलं की वारा त्याच्या छातीवर आणि मागच्याला आडोसा. पण आडोसा घेण्याआधी विचारायचं, निदान खाकरायचं तरी. साऱ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या मुलीने नेमकं हेच विचारलं नाही. गुपचूप मागे लागली.

काय ते सुख! वारा एकदम कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा थांबला. खड्डा आला की पाठीवाला बोट खाली करून दाखवी, खडी आली की हात हलवी. या खुणा तिला पाठ होत्या. मग मात्र त्याने डावा हात कमरेमागे नेला. मूठ उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली.

ही कसली खूण?

तिने रस्त्यात पाहिलं. खड्डा नाही, खडी नाही. थोड्या वेळाने पुन्हा तीच खूण. वाटभर तो मधूनमधून मूठ उघडत-मिटत राहिला आणि ही मागे बसून अंदाज बांधत राहिली… पाणी मागतोय? बोटं आखडलीत? की फुकटी म्हणून मला हाकलतोय? मैदानाच्या फाटकाशी तो मुलांच्या वसतिगृहाकडे वळला. एकदाही मान न वळवता. जाता जाता तिला दिसलं ते एवढंच की एका निळ्या मोज्याला टाचेवर पिवळ्या दोऱ्याने रफू केलेलं. टोपली विणावी तसं नेटकं.

फाटकात कप्तान कमरेवर हात ठेवून उभीच होती.

कप्तान म्हणजे मुलुखमैदान तोफ. तिचं हे शेवटचं वर्ष. चौघींची सांघिक शर्यत, घड्याळाशी स्पर्धा. त्यात वेळ धरतात ती तिसरीचं चाक रेषेवरून जाईल तेव्हाची. चौथी गळाली तरी चालतं, तिसरी मागे पडली की संपलं. दोघी जुळ्यांतली धाकटी निम्म्या वाटेपर्यंत जीव तोडून ओढायची आणि मग गळायची, हे ठरलेलंच. म्हणजे तिसरी कोण, तर चौकशी. आणि गेल्या वर्षी घडलं होतं ते असं, की कप्तान पुढे तुफान सुटली, मागे ही तुटली, हिने घातलेली हाक वाऱ्याने मागच्या मागे उडवून नेली आणि कप्तानला ते कळलं रेषेवर पोचल्यावर. तेव्हापासून दोघींत धड बोलणं नव्हतं. कप्तान म्हणे, हिचं लक्ष नसतं. ही मनात म्हणे, तू मागे बघत नाहीस.

‘‘पुन्हा मागे राहिलीस तर परवा तुझ्या जागी राखीव मुलगी,’’ कप्तान म्हणाली. ‘‘सरांशी बोलून झालंय.’’

चौकशीने आता फक्त रस्त्याकडे बघायचं ठरवलं. पण स्वभावाला औषध नसतं. दुपारी जेवणाच्या खोलीत ताट घेऊन बसली, तरी डोळे सगळ्यांच्या पायांशी. जो तो चपला घालून आलेला, मोजा एकाच्याही पायात नाही. थोरली जुळी धाकटीला कोपराने ढोसून म्हणाली, की मुली चेहरे बघतात, आपली बाई टाचा बघते. हिला घोड्यांच्या बाजारात धाडायला हवं.

संध्याकाळी मात्र तो मोजा सापडला. मुलांच्या वसतिगृहाच्या कठड्यावर वाळत घातलेला, पिवळं रफू उन्हात चमकत होतं. कुणी नाही असं पाहून ती जवळ गेली. दोरा उभा आधी घातला असेल की आडवा, हे बघायला तिने मोजा उलटा केला…

‘‘चोरायचाच असेल तर दोन्ही न्या. एकाचं काय करणार?’’

ती दचकली. मागे एक मुलगा ओला टॉवेल घेऊन उभा. चेहरा ओळखीचा नव्हता. तिने सरळ सांगून टाकलं, ‘‘जरा पाठ करा.’’

‘‘काय?’’

‘‘पाठ करा. तुमचा चेहरा माझ्या ओळखीचा नाही.’’

तो हसत वळला. तीच पाठ. डावा कान जरासा बाहेर आलेला, जणू तोही मागचं ऐकायला वळलेला.

‘‘पटली ओळख? आता मी तुमची पटवतो. उन्हाकडे पाठ करून उभ्या राहा… हां. आता मान इकडे, आता तिकडे. बरोबर, त्याच तुम्ही.’’

‘‘तुम्ही तर एकदाही मागे पाहिलं नाहीत.’’

‘‘सावली पाहिली ना. ऊन मागून होतं. माझ्या सावलीला चिकटून एक वेणीवाली सावली चालली होती, ती सारखी मान वळवत होती. म्हटलं, या बाईंना रस्ता सोडून सगळं बघायचंय.’’

तिला हसूही आलं आणि रागही. रागाचं निमित्त करून तिने विचारलं, ती मूठ उघडायची-मिटायची खूण कसली? तो म्हणाला, सांगतो, पण आधी तुम्ही सांगा, सगळे पुढे गेले आणि तुम्ही एकट्या मागे कशा? मग तिने कालव्याचा माणूस सांगितला, लोखंडी चाक सांगितलं, वाटीएवढी घंटी सांगितली. आणि भरलेलं पाणी तो का बंद करत होता ते कळलंच नाही, ही हळहळही सांगितली. तो मध्ये हसला नाही. असं न हसता ऐकणारं माणूस तिला फारसं भेटलं नव्हतं. बोलता बोलता ती थोडी अडखळली… का, ते तिचं तिलाच कळेना.

मग त्याने सांगितलं. सायकल त्याला मोठ्या बहिणीने शिकवली. रस्ता मालमोटारींचा, ताई पुढे, हा चिमुरडा मागे. तिला मान वळवायची सोय नव्हती. मग ती हात मागे करून मूठ उघडायची, मिटायची. त्याचा अर्थ, आहेस ना? आणि हा मागून घंटी वाजवायचा. आहे.

‘‘आता शर्यतीच्या सायकलला घंटी कुठली? मग ब्रेकची दांडी जराशी ओढून सोडायची. टक्. आमच्या संघात सगळ्यांना लावलीय ती सवय. मधला असेल तर त्याने मागच्याची टक् ऐकून मग आपली वाजवायची.’’

‘‘आणि रफूही ताईनेच केलं?’’

‘‘शिकवलं तिने. तिचं लग्न झालं, रफू माझ्याकडे राहिलं.’’

तिने रफूवरून बोट फिरवलं. मग भुवया चढवून म्हणाली, ‘‘म्हणजे ओळख ना पाळख, तुम्ही मला वाटभर ‘आहेस ना’ म्हणत होतात?’’

‘‘‘आहात ना’ म्हणायला बोटं कमी पडतात.’’

‘‘आणि उत्तर आलं नाही, तर वळून बघावं माणसाने.’’

तो टॉवेलाशी चाळा करत राहिला. ‘‘उत्तर आलं नाही म्हणूनच नाही वळलो. वळलो असतो आणि मागे कोणी नसतं तर…’’

पुढचं तो बोलला नाही. तिने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, विचारलंही नाही. मोजा सुलटा करून कठड्यावर ठेवला आणि निघाली. वाटेत तिच्या लक्षात आलं की दोरा आधी उभा की आडवा, हे बघायचं राहूनच गेलं.

ती तडक कप्तानच्या खोलीत गेली. कप्तान सायकलची साखळी पुसत बसली होती. हिने मूठ उघडून-मिटून दाखवली, सगळं समजावलं. कप्तानने मान वर केली नाही. म्हणाली, पुढच्याने मागच्याची काळजी करायला लागलं की संपलं. मागच्याने मागे पडू नये, एवढं सोपं आहे.

‘‘गेल्या वर्षी मी हाक मारली होती,’’ चौकशी म्हणाली. ‘‘तुला ऐकू गेली नाही, यात तुझा दोष नाही. वारा होता. पण माझंही लक्ष होतं गं. तुझ्या चाकावरून नजर हलली नव्हती माझी. तू फक्त हात कर. उत्तर द्यायचं काम माझं. आणि आलं नाही, तर समज.’’

कप्तानचं फडकं थांबलं. बराच वेळ ती साखळीच्या एकाच कडीकडे बघत राहिली. मग पुन्हा पुसू लागली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण राखीव मुलीचं नावही पुन्हा निघालं नाही. जुळ्यांनाही चौकशीने ती टक् शिकवून ठेवली.

शर्यतीच्या दिवशी वाऱ्याशी जणू कुणी पैजच लावली होती. पहिली निम्मी वाट चौघी एका दोऱ्यात ओवल्यासारख्या गेल्या. मग धाकटी जुळी, ठरल्याप्रमाणे, जीव ओतून बाजूला झाली. आता कप्तान पुढे, मध्ये थोरली, मागे चौकशी. कालव्याचं दार आलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला जाणवलं, की कालवा रिकामा आहे, आत माणसं उतरलीत. का उतरलीत? तिने जीभ चावली आणि नजर थोरलीच्या चाकाला खिळवली.

पण पायांचं काय करणार? कप्तानला चेव चढला होता. मधलं अंतर हातभराचं दोन हात झालं, मग सायकलभर. आडोसा सुटला आणि वारा थेट छातीवर आला. तिने हाक मारायला तोंड उघडलं. वारा आत गेला.

तेवढ्यात पुढे, कप्तानच्या कमरेमागे एक हात आला. मूठ उघडली. मिटली.

चौकशीने दांडी ओढली. तिची टक् तिच्यापाशीच विरली. थोरलीला ती ऐकू आली नाही, म्हणून थोरलीनेही आपली वाजवली नाही. नुसता वारा.

कप्तानचे पाय एका क्षणासाठी मंद झाले. एकाच क्षणासाठी… पण तेवढ्यात चौकशीने डोळे मिटून, असतील नसतील तेवढे प्राण पायांत आणले आणि पुन्हा त्या चाकामागे येऊन लागली. हात अजून तिथेच होता. मूठ पुन्हा उघडून वाट बघत होती.

टक्. आणि त्यावर थोरलीची, टक्.

हात पुढे गेला. मग तिघी ज्या सुटल्या, त्या रेषा ओलांडूनही त्यांना थांबवत नव्हतं.

निकाल लागला तेव्हा त्या तिसऱ्या आल्या होत्या. जुळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. कप्तान चौकशीजवळ आली, पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘विचार आता काय विचारायचंय ते. आज सगळ्याची उत्तरं देते.’’

चौकशीला विचारायचं होतं ते कप्तानला ठाऊक असण्यासारखं नव्हतं. मुलांच्या शर्यतीत रफूवाल्याच्या संघातले दोघे पंक्चर होऊन मागे राहिले आणि त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही, असं कानावर आलं होतं. तो कुठे दिसेना. कठड्यावर मोजेही नव्हते.

परतायच्या सकाळी ती सायकल घेऊन शेवटची कालव्यावर निघाली. फाटकाशी तो उभा होता.

‘‘हरलात म्हणून तोंड लपवलंत?’’ तिने विचारलं.

‘‘छे. काल कामात होतो. तुमचा एक प्रश्न अर्धा राहिला होता, तो त्या चाक फिरवणाऱ्या बाबांना विचारून आलो.’’ त्याने घसा साफ केला. ‘‘तळाशी पाणगवत माजतं. वरून पाणी भरलेलं दिसतं, पण पुढच्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून दार लावून कालवा रिकामा करतात, गवत काढतात, मग पाणी सोडतात.’’

ती बघतच राहिली. आजवर तिच्या प्रश्नांना लोक हसले होते, वैतागले होते, कुणी हातही जोडले होते. तिचा प्रश्न खिशात घालून कोणी इतक्या लांब उत्तर आणायला गेलं नव्हतं.

‘‘आज तुम्ही पुढे,’’ तो म्हणाला. ‘‘त्या दिवसाचा आडोसा फेडा.’’

ती पुढे झाली. वारा होताच, पण आज तो अंगावर घेताना तिला मजा वाटत होती. मागे चाकाचा आवाज येतोय की नाही, कळेना. आला नसेल तर? फाटकाशीच थांबला असेल तर? त्याला परत जायची गाडी होती, तिलाही होती. दोन कॉलेजांमध्ये एवढा मोठा रस्ता होता… मान वळवावी, अशी फार फार इच्छा झाली. आणि मग तिला कळलं, त्या दिवशी तो का वळला नव्हता ते.

तिने डावा हात कमरेमागे नेला. मूठ उघडली, मिटली. आहेस ना?

वारा. नुसता वारा. टक् काही आली नाही. तिने पुन्हा मूठ उघडली आणि या वेळी मिटलीच नाही.

मागून, भल्या सकाळी सारा कालवा जागा होईल अशी, वाटीएवढी घंटी वाजली.

‘‘अय्या! त्या बाबांची घंटी तुमच्याकडे?’’ ती पुढे बघतच ओरडली.

‘‘मागून आणलीय. परत द्यायची आहे,’’ पाठीमागून आवाज आला. ‘‘आणि मी म्हटलं त्यांना, पुढच्या वेळी येऊ तेव्हा दोघं मिळून आणून देऊ. चालेल ना… तुला?’’

तिने मान न वळवता ब्रेकची दांडी जराशी ओढून सोडली.