चार मिनिटं पुढे

सकाळी सहा चाळीसला बसस्थानकातलं मोठं घड्याळ बंद पडलं. साडेनऊला घड्याळजी शिडी लावून वर चढला आणि दहाला खाली उतरला. घड्याळ चालू झालं होतं. दुपारपर्यंत अकरा माणसांच्या बस चुकल्या.

गाड्यांच्या वेळा पुकारणारी मुलगी, जिला सगळं स्थानक माईकवाली म्हणे, डबा तसाच ठेवून समोरच्या घड्याळजीच्या दुकानात गेली. त्याने डोळ्यावरचं भिंग न काढताच वर पाहिलं.

"तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं," तो म्हणाला. "तेही बरोबर लावलं. त्याचे वेगळे पैसे नकोत."

"ते मुद्दाम पुढे ठेवलं होतं. लोक चार मिनिटं आधी पळतात म्हणून गाडी मिळते. आज एक आजीबाई खिडकीशी येऊन माझा उद्धार करून गेल्या."

"वेळ ती वेळ. मी खोटं घड्याळ लावत नाही."

"मग त्या आजीबाईंना उद्या तुमच्याकडे पाठवते."

तेव्हा त्याने भिंग काढलं. त्यामागचे डोळे तिला अपेक्षेपेक्षा बरे वाटले, आणि त्याचाच तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी तो घड्याळ नीट चालतंय का ते बघायला आला. तिसऱ्याही दिवशी आला. घड्याळ त्याला दुकानात बसल्या बसल्या दिसतं हे तिला ठाऊक होतं. तरी ती दुसरा कप चहा सांगू लागली.

त्या चहावर त्याला तिची गोष्ट कळली. दहा वर्षं ती रोज त्रेसष्ट गावांची नावं पुकारत होती आणि त्यांतल्या एकाही गावी तिने पाऊल ठेवलं नव्हतं. दहा वर्षं नोकरी झाली की एकदाच मोठा पास मिळे: चाळीस दिवस, कुठलीही बस, दोन माणसं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत अर्ज दिला नाही, तर पास गेला तो गेलाच. बरोबरचं माणूस नात्यातलं हवं, आईवडील नाहीतर नवरा. वडील नव्हते. आईने हात झटकले होते. चौकापर्यंत गेलं तरी मला बस लागते, चाळीस दिवसांत तू मला परत आणायची नाहीस, कुणीतरी धडधाकट बघ, असं तिचं म्हणणं.

घड्याळजीने जुन्या वेळापत्रकाची कोरी बाजू पुढे ओढली आणि बेत आखायला घेतला. बावीस रात्री बसमध्ये, म्हणजे खोलीचं भाडं वाचलं. उरलेल्या अठरा चालक-वाहकांच्या विश्रामगृहांत. सामान एकाच पिशवीत. तरीही तिच्या शिल्लकीत दोघांचं जेवण सव्विसाव्या दिवशी संपत होतं. तो बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग त्याने हत्यारांची छोटी डबी कागदावर ठेवली.

"प्रत्येक गावात एखादं तरी घड्याळ बंद असतंच," तो म्हणाला.

"आणि तुम्ही ते बरोबर लावणार. मग गावच्या गाव बस चुकवणार."

दुसरं माणूस कोण, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. खिडकीची जागा कुणाची यावर तीन दिवस वाद चालला तेवढाच.

अर्ज तीन आठवडे तिच्या खणात पडून होता. सगळं भरलं होतं, फक्त सोबत्याचं नाव आणि नातं हे दोन रकाने कोरे. ते तुम्ही भरा, असं तो म्हणे. नाव तुमचं, तुम्हीच भरा, असं ती म्हणे. आणि मग चहा निवून जाई...

शेवटचा दिवस उजाडला. तिच्या बदलीचा माणूस उशिरा आला. ती अर्ज घेऊन धावत पासच्या खिडकीशी पोचली तेव्हा घड्याळजी तिथे उभा होता, आणि खिडकीवरचे काका झडप खाली ओढत होते.

"पाच वाजले," काकांनी मोठ्या घड्याळाकडे बोट केलं.

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग आपल्या मनगटाकडे. चार छप्पन्न.

"ते घड्याळ चुकीचं आहे," घड्याळजी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "चार मिनिटं पुढे आहे. मी... मीच आज दुपारी पुढे केलं."

"तू?" काका म्हणाले. "सेकंदासाठी भांडणारा तू? कशाला?"

शेजारच्या तिकिटाच्या रांगेतली माणसंही वळून बघू लागली. त्याने सगळ्यांना सोडून फक्त तिच्याकडे पाहिलं.

"हिला तसंच आवडतं म्हणून."

त्याने पहिल्यांदाच तिचा एकेरीत उल्लेख केला होता. तिने अर्ज फळीवर ठेवला आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"भर आता," ती म्हणाली. "तुझ्याच घड्याळाने वेळ खाल्लाय."

त्याने नाव लिहिलं. पुढच्या रकान्याशी जरा थांबला, तिच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं— ठरलेला नवरा.

काकांनी चष्मा वर केला. "ठरला कधी?"

"आत्ता," ती म्हणाली. "चार सत्तावन्नला."

नियमांत असं नातं बसत नाही, असं काका म्हणाले. पण नाही म्हणायचा अधिकारही आपला नाही, असंही म्हणाले. त्यांनी पोचपावतीवर चार अठ्ठावन्नची वेळ घातली आणि अर्ज वरच्या कार्यालयाकडे धाडला.

याला आज अकरा दिवस झाले. आईने एक मोठी पिशवी आणून ठेवली आहे आणि वर म्हणते आहे की पासाचं काहीही होवो, लग्नाला मी चालत येईन. खिडकीच्या जागेचा वाद पुन्हा सुरू झाला आहे. मोठं घड्याळ चार मिनिटं पुढेच आहे. ते बरोबर लावावं असा कुणीतरी तक्रारअर्ज दिला, तोही वर गेला आहे. दोन्ही अर्जांचं उत्तर अजून आलेलं नाही.