धारेनं उतरतोय

धाकट्याला घरी आणायचं, एवढ्यासाठी ती तिघं डोंगरात शिरली होती. जिवंत आणायचं, असं मात्र कोणी म्हणालं नव्हतं. तो बेपत्ता होऊन आठवडा उलटला होता. शोधपथकाने हात टेकले होते, आणि पथकाच्या प्रमुखाने "आम्ही आमच्याकडून सगळं केलं" हे वाक्य अशा आवाजात म्हटलं होतं की पुढे काही विचारायची सोयच उरली नव्हती.

तिघं म्हणजे धाकट्याची थोरली बहीण, त्याची बायको आणि भावंडांचा मामा. डोंगर चढायला याहून नालायक टोळी शोधून सापडली नसती! ताई दिवसभर स्टुलावर बसून दातांच्या कवळ्या घडवणारी. मामा लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेला, गुडघ्याच्या नावाने सतत बोटं मोडणारा. भावजय इस्पितळात नर्स. पायांनी दणकट खरी, पण आठवडाभरात धड चार घास तिच्या पोटात गेले नव्हते. फक्त मामाकडे लिफ्टच्या कामातले दोर, कप्प्या आणि कमरेचे पट्टे होते, आणि ताईकडे नकाशा होता.

नकाशाचं हे वेड तिचंच. इंटरनेटवर एक नकाशा आहे, ज्यात कोणीही उठावं आणि भर घालावी. उपग्रहाच्या फोटोवरून रस्ते गिरवायचे, ओढे काढायचे, नावं द्यायची. पैसा नाही, कौतुक नाही, उलट कुठल्याशा देशातला कोणी अनोळखी माणूस येऊन तुमची चूक काढणार! ताई संध्याकाळी हातांवरचं प्लास्टर धुवायची आणि कामाच्याच टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर लॅपटॉप उघडायची. एकदा तिच्या खोलीतला कॉम्प्रेसर बिघडला म्हणून धाकटा दुरुस्तीला आला. फ्रिज आणि एसी दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "ताई, ही गांडुळं कसली गं?"

ती गांडुळं म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं एकाच उंचीवर असतात. तोंडाने सांगून त्याच्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा तिने प्लास्टरचा एक जबडा टबात ठेवला. थोडं पाणी ओतलं, पाणी जिथे टेकलं तिथे पेन्सिलने गोल रेघ मारली. आणखी पाणी, आणखी रेघ. मग वरून बघायला लावलं. "रेघा खेटून आल्या की चढ उभा. रेघांचं टोक उताराकडे आलं तर तिथे डोंगराची सोंड. टोक चढाकडे गेलं तर तिथे पाणी. कळलं?" त्याला असं कळलं की पुढे तो घरी जायचंच विसरायला लागला. जबड्याचा नकाशा काढणारी भावंडं जगात दुसरी नसतील!

आणि भांडायचीही जबड्यावरच. एका शब्दावरून तर वर्षभर जुंपली. डोंगराचा जो निमुळता माथा लांबवर उतरत जातो, त्याला ताई म्हणायची धार. धाकटा त्याला म्हणायचा कणा. आणि धार म्हणजे, त्याच्या मते, पाण्याची. तिने नकाशात "धार" लिहावं, त्याने खोडून "कणा" करावं. त्याने ओढ्याला "धार" म्हणावं, तिने खोडून "ओढा" करावं. शेवटी तिने त्याला फोनवर चांगलंच धारेवर धरलं, आणि तो हसून म्हणाला, "बरं बाई, तू म्हणशील ती धार."

त्यानंतर तो एका खोऱ्याकडे निघाला. नकाशात तिथे पांढरा तुकडा होता, उंचीच्या रेषा सोडल्या तर काहीच न काढलेला. खिंडीत पोचल्यावर त्याचा बहिणीला शेवटचा निरोप आला, "धारेनं उतरतोय. काळजी नको."

पथकाने ताईलाच विचारलं होतं. "धार म्हणजे नेमकं काय हो?" तिने छाती ठोकून सांगितलं, "डोंगराची. ही बघा, खिंडीपासून खाली जाते ती." त्या घाईगर्दीतही तिच्या मनात एक क्षणभर आलं होतं, की शेवटी त्याने माझं ऐकलं म्हणायचं!

पथकाने ती धार इंच न् इंच धुंडाळली. ड्रोन फिरवले. कुत्री फिरवली. काही नाही.

तीच धार ही तिघं पुन्हा चढत होती. वाट कसली, नुसती घसरडी खडी! एक पाऊल पुढे टाकावं तर अर्धं मागे यायचं. वारा असा, की बोललेलं तोंडातून उडून जावं. दुपार कलेपर्यंत मामाचा गुडघा सुजून टम्म झाला होता आणि बाटल्यांच्या तळाशी जेमतेम घोटभर पाणी होतं. खाली दोन्हीकडे घनदाट झाडी. हाका मारून तिघांचे गळे बसले होते.

"सबंध आयुष्य माणसं वरखाली केली," मामा धापा टाकत म्हणाला, "पण त्यात मला कधी चढावं लागलं नव्हतं."

 हसवण्यासाठी तो बोलला नव्हता.

खिंडीजवळ एका खडकाच्या आडोशाला ती टेकली.  भावजयीने ताईच्या मांडीवरचा नकाशा स्वतःकडे ओढला.

"मला दाखवा. काय बघून तो इतका वेडा झाला होता, ते तरी कळू दे."

ताईने दाखवलं. ही खिंड. इथून ही धार खाली जाते. बघ, रेषांची टोकं उताराकडे आहेत.

"आणि ही? ही टोकं उलटी आहेत."

"तो ओढा. तोही खिंडीतूनच निघतो, धारेच्या पलीकडून."

"ओढा," भावजय म्हणाली. "आमच्या घरात हा शब्द मी कधी ऐकला नाही. सकाळी नळ सोडला की ओरडायचा, आज धार चांगली आहे, बादली लाव!"

ताईचा हात नकाशावर थबकला.

"पण माझ्याशी तो कबूल झाला होता. म्हणाला, तू म्हणशील ती धार."

 भावजय अगदी सावकाश म्हणाली, "ताई, तो तुमच्यासमोर हो म्हणायचा. फोन ठेवला की माझ्याकडे बघून डोळा मारायचा. त्याने तुमचं कधी ऐकलंय?"

 तो पांढऱ्या तुकड्यातलं पाणी नकाशात काढायला आला होता. पाणी काढायला! मग तो डोंगराच्या माथ्यावरून कशाला उतरेल? ताईने बोट ओढ्यावरून खाली नेलं. मध्येच एका जागी सगळ्या रेषा एकमेकींना इतक्या खेटल्या होत्या की त्यांची एकच जाड रेघ झाली होती.

"कडा आहे," ती म्हणाली.  "मामा, दोर किती आहे?"

"पुरेल," मामा म्हणाला, आणि गुडघा विसरून उठला.

ओढ्यात शिरताच वारा थांबला आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. वरून झाडांचं छप्पर, खाली शेवाळलेले धोंडे.  आता कोणी हाक मारत नव्हतं. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. एका धोंड्यावर भावजयीला बूट घसरल्याची खूण दिसली. शेवाळ सोलून निघालं होतं. तिने त्यावर हात ठेवला, आणि तशीच पुढे झाली.

मग ओढा संपला. म्हणजे पाणी पुढे जात होतं, पण जमीन नव्हती!

मामाने जाड बुंध्याला दोर आवळला, कप्पी लावली, गाठी दोनदा ओढून पाहिल्या. "एकेक जा. माझ्याकडे बघू नका, खाली बघू नका. समोरच्या दगडाकडे बघा."

ताई आधी उतरली. पाण्याचे शिंतोडे डोळ्यांत! पायाखाली बुळबुळीत कातळ! पाय सुटला. ती फिरली, खांदा आदळला, दोर कमरेत रुतला. वरून मामाची शिवी ऐकू आली आणि दोर थांबला. जीव मुठीत धरून ती पुन्हा उतरू लागली. पाय टेकताच तिने कडी सोडली. पाठोपाठ भावजय आली, बिनचूक, एकदाही न घसरता.

तो कड्याच्या पोटातच होता. एका कपारीत, पाठ टेकून, डोकं बाजूला कललेलं. ताईला वाटलं, झोपलाय. खरंच वाटलं. भावजय गुडघ्यांवर बसली, त्याच्या मानेला बोटं लावली, आणि बराच वेळ तशीच ठेवली. नर्स होती ती. लावण्याआधीच तिला कळलं होतं.

त्याचा पाय मोडला होता. हातातल्या काठीचे दोन तुकडे करून त्याने तो सरळ बांधला होता. समोरच्या वाळूत दगडांचा मोठा बाण रचलेला, वरून दिसावा म्हणून. वर फक्त झाडं होती. गळ्यात शिट्टी.

भावजयीने पायाची पट्टी सोडली. "ही शर्टाची आहे," ती म्हणाली. मग बाजूला पडलेल्या चिंध्या एकेक उचलून पाहिल्या. "त्याने पट्टी बदललीय. पुन्हा पुन्हा बदललीय. ताई, तो लगेच नाही गेला. तो वाट बघत होता."

पाण्याचा आवाज चालूच होता. या आवाजात शिट्टी धारेपर्यंत पोचली नसती. धारेवरच्या माणसांच्या हाका मात्र कदाचित, वारा पडला की, इथे आल्या असतील.

"तुमच्या एका शब्दापायी," भावजय म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "एका शब्दापायी, ताई!"

"हो," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिने धाकट्याच्या केसांतली वाळू झटकली. लहानपणी झटकायची तशीच, जरा रागाने. आणि मग तिला रडू फुटलं.

वरून मामा ओरडला. काय ते कळेना. ताईने मान वर केली तर झाडांमधला उजेड गेला होता, आणि पाणी, मघाशी काचेसारखं स्वच्छ होतं ते, गढूळ झालं होतं. काटक्या वाहून येत होत्या. वर कुठेतरी पाऊस कोसळत होता!

"निघायला हवं! आत्ता!"

"मी त्याला नेणार." भावजयीने कमरेचा पट्टा सोडला आणि त्याच्या अंगाभोवती गुंडाळायला लागली.

"अगं, मामा एकटा आहे वर. आपण पाय रोवत चढू, पण हे ओझं त्याला ओढवायचं नाही. आधी तो, मग आपण, तोवर पाणी इथे येईल."

"येऊ दे!"

"आणि तू बुडालीस तर?"

"तुम्ही जा. एकदा सोडलाच आहे तुम्ही त्याला इथे."

ताईने ते ऐकून घेतलं. तिला लागायला हवं होतं तिथेच ते लागलं. मग तिने खांद्यावरचा दुसरा दोर काढला. "नेता येणार नाही. पण पाण्याला तरी देऊ नको त्याला. धर."

दोघींनी मिळून त्याला उचललं. हलका झाला होता किती! कपारीच्या वरच्या अंगाला एक फळीसारखा खडक होता, त्यावर ठेवला. भावजयीने स्वतःचं जाकीट त्याच्यावर पांघरलं, गळ्यापर्यंत नीट खोचलं. ताईने दोर त्याच्या अंगावरून घेऊन एका मुळाला बांधला, गाठ मारली, पुन्हा मारली. गाठीवरून हात निघत नव्हता. पाणी घोट्याला लागलं. पोटरीला लागलं.

"तू आधी," ताई म्हणाली. भावजयीने एकदा मागे पाहिलं आणि पट्टा बांधला.

ती वर पोचेपर्यंत पाणी मांडीला आलं होतं. दोर पुन्हा खाली आला. ताईने थंडीने बधिर झालेल्या बोटांनी कडी अडकवली. ओढ! दगड. ओढ! पाय सटकला, कपाळ फुटलं. ओढ! आणि मग एक हात तिच्या मनगटाला घट्ट बिलगला. तो मामाचा नव्हता. भावजय कड्याच्या काठावर पालथी पडली होती आणि तिला सोडत नव्हती.

खालून धोंडे गडगडल्याचा आवाज येत होता. त्याला ठेवला तो खडक बुडाला की नाही, हे इथून दिसत नव्हतं. मामा बुंध्याला पाठ लावून लहान मुलासारखा रडत होता.

ओढ्याच्या काठाकाठाने, झाडं धरत, ती खिंडीत पोचली तेव्हा फोनला रेंज आली. ताईने पथकाच्या प्रमुखाला फोन लावला. सापडला, एवढं तिने सांगितलं. जिवंत आहे का, ते त्याने विचारलं नाही. कागद पुढे ओढल्याचा आवाज आला.

"नेमकं ठिकाण सांगा. धारेवर कुठे?"

"धारेवर नाही. धारेत."

"म्हणजे ओढ्यात? ओढा लिहू ना?"

भावजय शेजारीच उभी होती, ओल्या अंगाने, जाकिटाशिवाय. ताईने तिच्याकडे पाहिलं.

"तो त्याला धार म्हणायचा," ती म्हणाली. "धारच लिहा."